मिटलेलं प्रवाळ आणि बीडचं पाणी

बीडपासून अरबी समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. या जिल्ह्यात घरी प्रवाळांचा टँक ठेवायचा तर समुद्र स्वतः घडवावा लागतो. पाणी बोअरचं किंवा नळाचं, मीठ पिशवीतलं, ऊन एलईडीचं आणि लाट वेव्हमेकरची. एवढं जमवल्यावर मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आलेलं लेदर कोरल आठ-पंधरा दिवस छान फुलतं आणि एके सकाळी मिटून बसतं. मग विचारपूस सुरू होते, कुणी आयोडीन सुचवतं, कुणी जंतुनाशक डिप, कुणी नवा दिवा. माझं ठाम मत असं आहे की बीडसारख्या ठिकाणी मऊ प्रवाळ खंगण्याचं कारण बहुतेक वेळा प्रवाळात नसतं. टँकमध्ये ओतलेलं पाणी, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि मधूनच जाणारी वीज या तीन ठिकाणी ते आधी शोधावं. बाटलीतली औषधं त्यानंतर.

मऊ प्रवाळ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. एका वसाहतीत शेकडो-हजारो सूक्ष्म जीव एकत्र राहतात. त्यातल्या प्रत्येकाला पॉलिप म्हणतात, आणि मऊ प्रवाळाच्या पॉलिपला नेमकी आठ स्पर्शकं असतात, कडेनं पिसासारखी झालर असलेली. कठीण प्रवाळ चुन्याचा भक्कम सांगाडा रचतात. मऊ प्रवाळांच्या मांसल अंगात मात्र चुन्याच्या बारीक काड्या विखुरलेल्या असतात, आणि जात ओळखायला तज्ज्ञ त्याच काड्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. घरगुती टँकमध्ये अळंबीच्या आकाराचं सार्कोफायटन, बोटांसारखं सिन्युलारिया, झाडासारखं केनिया ट्री, उघडझाप करणारी झेनिया आणि हिरवे स्टार पॉलिप हे नेहमीचे. दुकानात यांच्याच रांगेत झोअँथिड आणि मशरूमही ‘सॉफ्टी’ म्हणून विकले जातात, पण त्यांचं कूळ वेगळं आहे. यातल्या बहुतेकांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा तपकिरीपणा बराचसा या शैवालाचाच असतो. म्हणूनच ते पांढरं पडू लागलं की हे भाडेकरू घर सोडून चालले आहेत असं समजावं.

मिटलेलं प्रत्येक प्रवाळ आजारी नसतं. सार्कोफायटन आणि त्याचे भाऊबंद ठरावीक काळानं कात टाकतात. पॉलिप आत ओढले जातात, वरचा पृष्ठभाग चकचकीत मेणचट दिसू लागतो, काही दिवसांनी पातळ पापुद्रा सुटून वाहून जातो आणि खालून ताजं अंग बाहेर येतं. अंगावर चढलेलं शैवाल आणि घाण झटकण्याची ही त्याची पद्धत आहे. याला चार-पाच दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. या काळात त्याला हलवणं, बाहेर काढून घासणं, दिव्याची तीव्रता बदलणं हे सगळं टाळावं. फार तर वेव्हमेकरचा झोत थोडा त्या बाजूला वळवावा, म्हणजे पापुद्रा लवकर सुटेल. खरं दुखणं वेगळं दिसतं. देठ लुळा पडतो, बुडाशी किंवा टोपीच्या कडेला काळपट-तपकिरी डाग येतो आणि पसरतो, अंग बुळबुळीत होऊन गळू लागतं, हात लावला तर कुजका वास येतो. मेणचट आणि ताठ असेल तर थांबावं, मऊ पडून वास येत असेल तर त्याच दिवशी हालचाल करावी.

आता पाणी. मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते याबद्दल, कारण बीडच्या टँकची निम्मी कथा इथेच ठरते.

जिल्ह्याची जमीन दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची आहे. त्याच्या भेगांतून मुरत खाली गेलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळवत जातं. भांड्यावर आणि गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलेला असतो. या पाण्यात सॉल्ट मिक्स मिसळलं की पिशवीवर लिहिलेलं गणित कोलमडतं. मिठात आवश्यक ते सगळे क्षार आधीच मोजून घातलेले असतात, त्यावर बोअरचे क्षार चढतात, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची ताकद) वाढते आणि कधी बादलीतच पांढरा गाळ बसतो. प्रत्येक वेळी बोअरची पातळी वेगळी, टँकरचं पाणी वेगळ्या विहिरीचं, म्हणून प्रत्येक पाणीबदलात हा आकडा वर-खाली होतो. मऊ प्रवाळांना 8 ते 10 डीकेएच अल्कलिनिटी मानवते, थोडं कमी-जास्तही ते चालवून घेतात. त्यांना सोसत नाही ती आठवड्याला होणारी उडी.

दुसरा घटक नायट्रेट. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात भूजलात नायट्रेटचं प्रमाण जास्त सापडलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत बीडचं नाव आहे. शेतातली रासायनिक खतं, गोठे आणि सांडपाणी ही त्याची नेहमीची उगमस्थानं. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा मानली जाते. मऊ प्रवाळांच्या टँकमध्ये आपण साधारण 5 ते 20 ठेवू पाहतो. म्हणजे ज्या पाण्यानं नायट्रेट उतरवायला निघालो, त्याच पाण्यात टँकपेक्षा जास्त नायट्रेट असू शकतं. अशा वेळी पाणीबदल जितका मोठा, तितकं प्रवाळ अधिक मिटतं, आणि मालकाला वाटतं की आपण अजून पुरेसं पाणी बदललेलं नाही.

उपाय आरओचाच आहे, पण घरातलं आरओ यंत्र जसंच्या तसं चालत नाही. ते माणसासाठी बनवलेलं असतं. पाणी बेचव लागू नये म्हणून बहुतेक यंत्रांत आरओच्या पाण्यात थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, किंवा शेवटी खनिजं सोडणारी एक कांडी असते. गल्लोगल्ली मिळणाऱ्या जारच्या पाण्याचंही तसंच, ते पिण्याच्या चवीकडे पाहून तयार केलेलं असतं. टँकसाठी ही मिसळ बंद करून पाणी थेट पडद्यातून घ्यावं आणि पुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा जोडावा. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत ते पाणी मिठात मिसळू नये. पडदा नायट्रेट पुरतं अडवत नाही, राहिलेलं रेझिन धरतं. शून्यावरही डोळे झाकून विसंबू नये. बेसॉल्टच्या पाण्यात सिलिका असते. रेझिन संपत आलं की पहिल्यांदा सुटते ती हीच, आणि टीडीएस मीटरला ती जवळपास दिसतच नाही. आकडा शून्य असूनही वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर पुन्हा पुन्हा चढत असेल, तर रेझिन बदलायची वेळ झाली आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. साध्या घरगुती आरओतून एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटरच्या आसपास पाणी वाया जातं. शंभर लिटरच्या टँकला आठवड्याचा दहा लिटर पाणीबदल आणि उन्हाळ्यात रोज तीन लिटर बाष्पीभवन धरलं, तर आठवड्याला तीसेक लिटर शुद्ध पाणी लागतं, म्हणजे नव्वदेक लिटर बाहेर पडतं. ज्या जिल्ह्यात 2013 च्या दुष्काळात परळीचं औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं आणि जिथे नळाची वाट कित्येक दिवस पाहावी लागते, तिथे ते गटारात सोडायला कुणाचा हात धजू नये. ते पिंपात साठवून फरशी, संडास आणि गाडी धुण्याला वापरता येतं. झाडांना मात्र कायम तेच घालू नये, काळ्या मातीत क्षार साठत जातात. एवढी व्यवस्था होणार नसेल तर मोठा टँक मुळात घेऊच नये, असं मला वाटतं.

उन्हाळ्यात संकट दुसऱ्या बाजूनं येतं. मऊ प्रवाळांना 24 ते 27 अंश सेल्सिअस पाणी आवडतं. एप्रिल-मेमध्ये बीडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीतला टँक दुपारी 31-32 अंशांवर सहज जातो. समुद्रातल्या प्रवाळांना नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा एक अंश अधिक उष्णता काही आठवडे सोसावी लागली तरी ती पांढरी पडू लागतात. एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक प्रवाळ विरंजन जाहीर झालं ते समुद्राच्या अशाच तापण्यामुळे, आणि आपल्या मालवणच्या प्रवाळांतही विरंजन नोंदलं गेलं आहे. समुद्र तापायला आठवडे लागतात, आपली काचपेटी एका दुपारीत तापते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी प्राण्यांची गरज वाढते.

मराठवाड्याची एक गोष्ट इथे कामी येते, ती म्हणजे कोरडी हवा. मुंबईच्या दमट मे महिन्यात पाण्यावर पंखा लावून फारसा गारवा मिळत नाही. बीडमध्ये टँकचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनानं तापमान दोन-तीन अंश उतरतं. चिलर परवडत नसेल तर हा उपाय खरोखर चांगला आहे. पण त्याची किंमत खारेपणात मोजावी लागते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. शंभर लिटर पाण्यात खारेपणा हजारी 35 असेल आणि रोज तीन लिटर उडत असेल, तर चौथ्या दिवशी तो चाळिशीला टेकतो. मग एखादा घाबरून बारा लिटर गोडं पाणी एकदम ओततो, आणि प्रवाळ एका झटक्यातून दुसऱ्या झटक्यात सापडतं. भर नेहमी गोड्या शून्य टीडीएस पाण्याचीच घालावी, मिठाच्या पाण्याची नव्हे. ती रोज, शक्यतो दिवसातून दोनदा, काचेवर खूण करून त्या खुणेपर्यंत घालावी. जमत असेल त्यानं आपोआप भर घालणारा फ्लोट बसवावा, मे महिन्यात दिव्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. बर्फाच्या बाटल्या बुडवूनही तापमान खाली-वर होत राहतं, त्यापेक्षा 28 अंशांवर स्थिर पाणी बरं. दिवे दुपारीऐवजी संध्याकाळी सहानंतर लावले तर त्यांची उष्णता दिवसाच्या उष्णतेत मिसळत नाही. प्रवाळ पांढरट दिसू लागलं असेल तर प्रकाश थोडा कमी करावा. शैवाल परत येऊन रंग भरायला आठवडे जातात, पण अंग ताठ असेल तोवर आशा धरायला हरकत नाही.

खारेपणा मोजण्याच्या साधनाकडेही एकदा पाहावं. डोलणाऱ्या काट्याच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घेतलं असेल तर ते हजारी 35 च्या तयार द्रावणावर जुळवून घ्यावं. गोड्या पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र 35 लाही बरोबर असेल असं नसतं.

वीज गेली की आधी काय चालू ठेवायचं, याचा क्रम ठरलेला असावा. पाणी फिरवणारा पंप किंवा हवेचा पंप सगळ्यात वर, दिवा सगळ्यात खाली. प्रकाशावाचून मऊ प्रवाळ एक-दोन दिवस सहज काढतं. पाणी थांबलं, त्यात उष्णता असली, तर काही तासांत प्राणवायू उतरतो, आधी मासे मरतात आणि त्यांच्या कुजण्यानं अमोनिया चढून प्रवाळाचा नंबर लागतो. घरच्या इन्व्हर्टरवर वेव्हमेकरची एक छोटी लाइन काढून घ्यावी, किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. यात खर्च फार नाही.

प्रकाश आणि झोताबद्दल थोडंच पुरे. यांना मध्यम प्रकाश चालतो, मोजण्याची सोय असेल तर उपयोगी प्रकाश मोजणाऱ्या पार मीटरवर 50 ते 150. नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण तीव्रतेवर लावणं ही पांढरं पडण्याची नेहमीची वाट आहे. झोत असा असावा की अंग डुलेल. एकाच बाजूनं सतत मारा झाला तर ते त्या बाजूनं आक्रसतं.

खाण्याकडे मात्र बारकाईनं पाहिलं पाहिजे, कारण इथे चांगल्या हेतूनं नुकसान होतं. फेसातून घाण काढणारा मोठा स्किमर, फॉस्फेट शोषणारी पूड, सतत पाणीबदल, आणि टेस्ट किटवर नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य आले की समाधान वाटतं. पण मऊ प्रवाळांना, त्यातही झेनियाला, अशा उपाशी पाण्यात राहता येत नाही, त्यांच्या पेशीतल्या शैवालालाही नत्र-स्फुरद लागतंच. रंग फिकट, अंग लहान, पॉलिप अर्धे उघडे आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असेल, तर पूड काढून टाकावी आणि माशांना थोडं जास्त खाऊ घालावं. फॉस्फेट लिटरला 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान असलं म्हणजे झालं.

मऊ प्रवाळ शेजाऱ्यांशी रसायनांनी लढतात. पळता येत नाही, कवच नाही, म्हणून टर्पिन कुळातली विषारी संयुगं ती अंगात बाळगतात आणि पाण्यातही सोडतात. सार्कोफायटनमधून मिळालेल्या अशा एका संयुगाचं नावच सार्कोफाइन आहे. ही रसायनं नेमकं कोण बनवतं, प्रवाळ की त्यातले सूक्ष्मजीव, हा वाद बरीच वर्षं होता. 2022 मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी दाखवलं की ती बनवणारे जनुक प्रवाळाच्या स्वतःच्या पेशीत आहेत. घरगुती टँकला याचा अर्थ असा, की साठ-सत्तर लिटरच्या पाण्यात पाच जातींची लेदर प्रवाळं दाटीनं बसवली तर त्यातलं एक विनाकारण मिटलेलं दिसेल आणि कोणत्याही टेस्टमध्ये काही सापडणार नाही. फिल्टरमध्ये चांगल्या प्रतीचा सक्रिय कोळसा ठेवून दर तीन-चार आठवड्यांनी बदलावा. एखादं प्रवाळ कापलं किंवा चेंगरलं गेलं असेल तर लगेच बदलावा.

काही विषं आपण घरातून आत पाठवतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, ते प्रवाळाच्या टँकमध्ये एक थेंबही जाता कामा नये, आजारी मासा वेगळ्या टबात काढावा. पितळी जोड, गंजलेली क्लिप, पंपाची उघडी पडलेली वाइंडिंग यांवरही नजर ठेवावी. स्किमर आणि हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतात, म्हणून डासांसाठीचं लिक्विड मशीन त्याच खोलीत रात्रभर चालू ठेवू नये. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं झिंगे-खेकड्यांना आणि माशांना फार घातक असतात. कपाशीवर फवारणी करून आलेले हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नयेत, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावं. आणि उलट दिशेचा धोकाही आहे. काही झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ, यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांनी वेढलेला दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात कधीही घालू नये, वाफेतून विष श्वासात जाऊन माणसं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी आहेत.

नवं प्रवाळ आल्या-आल्याच मिटलं असेल तर प्रवासाचा विचार करावा. बंद पिशवीत रात्रभर साठलेला अमोनिया पिशवी उघडून कार्बन डायऑक्साइड उडून गेला की जास्त विषारी होतो. म्हणून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नये. तापमान जुळवावं, अर्ध्या तासात प्रवाळ पिशवीच्या पाण्यातून काढून टँकमध्ये खाली, कमी प्रकाशात ठेवावं आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यावं. रात्री दिवे बंद झाल्यावर लाल टॉर्चनं एकदा पाहावं, त्याच्या रंगाचे छोटे नग्न गोगलगाय-कुळातले जीव त्याला कुरतडत असू शकतात.

कुजायला सुरुवात झाली असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. हातमोजे घालून, टँकमधलं पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन, नव्या ब्लेडनं डागाच्या पलीकडे निरोगी भागातून सरळ छेद द्यावा. काळा भाग टाकून द्यावा, उरलेला स्वच्छ पाण्यात खळबळून परत ठेवावा. सार्कोफायटनची टोपी पूर्ण गेली तरी देठ चांगला असेल तर त्यावर नवी टोपी येते. कापलेला निरोगी तुकडाही दगडावर धरून ठेवला तर दोन-तीन आठवड्यांत चिकटतो. अंग बुळबुळीत असल्यानं गोंद धरत नाही, म्हणून सैल रबरबँड किंवा जाळीचा तुकडा वापरावा. त्यानंतर आठवडाभर दुसरं काहीही बदलू नये. एका वेळी एकच बदल, तोही वहीत तारीख, तापमान, खारेपणा, अल्कलिनिटी लिहून. दोन महिन्यांच्या नोंदी समोर असल्या की बऱ्याच वेळा कारण त्या पानांवरच दिसतं. पॉलिप मिटलेले दिवस आणि टँकरचं पाणी आलेले दिवस एकच असतात.

शेवटचा मुद्दा कायद्याचा आहे, आणि तो हौशी लोकांत पुरेसा बोलला जात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. मालवणला गेलो, किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचा सुंदर दगड दिसला, टँकच्या सजावटीसाठी पिशवीत टाकला, तर तो गुन्हा ठरतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात आंग्रिया बँक हा पाण्याखालचा उंचवटा आहे, तिथल्या प्रवाळांवर आधीच तापणाऱ्या पाण्याचा आणि जाळ्यांचा ताण आहे. घरच्या टँकसाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड पूर्ण चालतात, त्यावर जिवाणू तितक्याच चांगल्या रीतीनं बसतात. प्रवाळ घेताना ते कुणाच्या टँकमध्ये वाढलेला फ्रॅग, म्हणजे कापून वाढवलेला तुकडा, आहे का हे विचारावं आणि उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नये. केनिया ट्री आणि सिन्युलारिया इतक्या सहज तुकड्यांतून वाढतात की बीड, अंबाजोगाई, माजलगाव अशा दोन-चार घरांत एकमेकांना फ्रॅग दिले तर समुद्रातून काढलेल्या प्रवाळाची गरजच उरत नाही. अशा फ्रॅगचा आणखी एक फायदा आहे. इथल्याच शून्य टीडीएस पाण्यात, इथल्याच उन्हाळ्यात वाढलेला तुकडा शेजारच्या टँकमध्ये जाऊन क्वचितच मिटतो, आणि प्रवासही थोड्याच तासांचा असतो.